मेक्सिकोच्या किनाऱ्यावर हिवाळा: गाव कसं निवडाल?

नवरात्र सरतं, टोरांटो-शिकागोकडची झाडं ओकीबोकी व्हायला लागतात आणि निवृत्त मंडळींचे फोन सुरू होतात. "यंदा बर्फ नको. मेक्सिकोला जायचं म्हणतोय. कुठलं गाव बरं?" प्रश्न एका ओळीचा असतो आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा भाच्याच्या लग्नात पाहिलेलं कान्कूनचं हॉटेल असतं. मेक्सिकोला अकरा हजार किलोमीटरहून जास्त किनारा आहे. एका टोकाला जानेवारीत रात्री स्वेटर घालावा लागतो, दुसऱ्या टोकाला त्याच रात्री पंखा लावावा लागतो. त्यामुळे या प्रश्नाला एका गावाचं नाव हे उत्तर असूच शकत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. तुम्ही आठवडाभराच्या सहलीला निघालेले नाही, तीन-चार महिन्यांचं बिऱ्हाड थाटायला निघाला आहात. सहलीला समुद्र पुरतो. बिऱ्हाडाला दवाखाना, भाजीबाजार, पाणी, शेजार आणि चालण्याजोगा रस्ता लागतो. म्हणून क्रमही उलटा धरा: आधी कागदपत्रं, मग विमा, मग दवाखाना आणि सगळ्यात शेवटी समुद्र.

पहिली पायरी: तुमचा पासपोर्ट कोणता?

एकाच मराठी घरात तीन प्रकारचे पासपोर्ट असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

- अमेरिकेचे किंवा कॅनडाचे नागरिक: पर्यटक म्हणून जायला व्हिसा लागत नाही. जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं. पण १८० दिवस हा हक्क नाही, ती वरची मर्यादा आहे. किती दिवस द्यायचे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता छापून हातात ठेवा, किती दिवस राहणार ते स्पष्ट सांगा आणि शिक्का मारल्यावर त्यावरचा आकडा खिडकीपाशीच वाचा. ही मुदत देशात बसून वाढवून मिळत नाही.
- भारतीय पासपोर्ट, पण ग्रीन कार्ड किंवा कॅनडाचं कायम वास्तव्य: मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मूळ कार्ड सोबत हवं आणि त्याची मुदत शिल्लक हवी. मोबाइलमधला फोटो चालत नाही.
- भारतातून आलेले आई-वडील: त्यांच्याकडे अमेरिकेचा किंवा कॅनडाचा वैध व्हिसा असेल तर त्यावर मेक्सिकोत प्रवेश मिळतो. ब्रिटन, जपान आणि शेंगेन देशांचा वैध व्हिसाही चालतो.

आई-वडिलांना नेताना अडचण मेक्सिकोत शिरताना येत नाही, परत येताना येते. कॅनडाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर मेक्सिकोहून त्यावर परत येता येणार नाही. अमेरिकेत आलेल्यांचा आवडता समज असा की महिनाभर मेक्सिकोला जाऊन आलं की नव्याने सहा महिने मिळतात. तो चुकीचा आहे. तीस दिवसांच्या आत परतल्यास जुन्या नोंदीवरचीच तारीख कायम राहू शकते. ती तारीख बघूनच तिकीट काढा.

ज्यांना सहा महिन्यांहून जास्त राहायचं आहे त्यांच्यासाठी तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना आहे, 'रेसिदेन्ते तेम्पोराल'. त्याचा अर्ज निघण्यापूर्वी मेक्सिकोच्या वकिलातीत करावा लागतो आणि उत्पन्नाचा किंवा बचतीचा पुरावा द्यावा लागतो. पहिल्यांदा एक वर्षाचा आणि पुढे नूतनीकरण करून एकूण चार वर्षांपर्यंत तो मिळतो. पहिल्याच हिवाळ्यासाठी त्यात पडू नका.

दुसरी पायरी: घरचे दिवस मोजा

मेक्सिको सहा महिने देतो म्हणून सहा महिने राहायचं असं नाही. इकडची गणितं वेगळी आहेत.

- ओन्टारियोत आरोग्य विमा टिकवायला कुठल्याही बारा महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात राहावं लागतं. इतर प्रांतांचे नियम निराळे आहेत, आपल्या प्रांताचा आकडा विचारून घ्या. यात भारतवारीचे दिवसही बाहेरचेच धरले जातात. दिवाळीला पुणे आणि जानेवारीपासून मेक्सिको असा बेत असेल तर बेरीज करून बघा.
- कॅनडाचं कायम वास्तव्य टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस देशात लागतात. मेक्सिकोतले दिवस त्यात धरले जात नाहीत.
- वृद्धापकाळ निवृत्तिवेतनावर मिळणारा कॅनडाचा उत्पन्नपूरक भत्ता सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिल्यास थांबतो.
- ग्रीन कार्डधारकांनी सलग सहा महिन्यांची रेषा ओलांडू नये. परतताना चौकशी होते आणि नागरिकत्वासाठी मोजला जाणारा सलग काळ मोडू शकतो.

तिसरी पायरी: विमा, आणि तो मनापासून वाचा

अमेरिकेचं मेडिकेअर मेक्सिकोत जवळजवळ काहीच देत नाही. काही पूरक मेडिगॅप योजना परदेशातल्या तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च देतात, पण सहलीच्या पहिल्या ६० दिवसांपुरताच, आणि आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर आहे. चार महिन्यांच्या मुक्कामाला ते अपुरं. मेडिकेअर अॅडव्हान्टेज योजना असेल तर सहा महिन्यांहून जास्त क्षेत्राबाहेर राहिल्याने नावच कमी होऊ शकतं. ओन्टारियोचा विमा परदेशात अतिदक्षतेच्या खाटेसाठीसुद्धा दिवसाला फार तर ४०० डॉलर देतो. अँजिओप्लास्टीच्या बिलापुढे ही रक्कम काहीच नाही. प्रवासी आरोग्य विम्याशिवाय निघू नका, हे मी विनंती म्हणून नव्हे, अट म्हणून सांगते.

आपल्या वयात मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांपैकी एखादं तरी घरात असतंच. विमा कंपन्या अशा जुन्या आजारासाठी 'स्थिर' असण्याची अट घालतात, बहुधा निघण्यापूर्वीचे ९० किंवा १८० दिवस. स्थिर म्हणजे फक्त दुखणं वाढलेलं नसणं नव्हे. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला तर बदल धरतात, आणि बऱ्याच करारांत डोस कमी केला तरी बदलच धरतात. तब्येत सुधारली म्हणून गोळी अर्धी झाली, आणि नेमका त्याच आजाराचा दावा नाकारला गेला, असंही होतं. म्हणून वार्षिक तपासणी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच उरकून घ्या. आरोग्याची प्रश्नावली घाईत मुलाला भरायला देऊ नका. डॉक्टरांकडून औषधांची यादी घ्या आणि ती समोर ठेवून स्वतः भरा. एक चुकीचं 'नाही' सगळा विमा रद्द करायला पुरतं.

औषधं मूळ डब्यांत आणि चिठ्ठीसकट न्या. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्या मेक्सिकोत बंदी असलेल्या आहेत, घरातल्या औषधांच्या पिशवीतून त्या आधी काढा. प्रतिजैविकं तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या पर्यटकांच्या गल्लीतल्या दुकानातून चिठ्ठीविना कुणी देऊ केल्या तर घेऊ नका. तशा बनावट गोळ्यांत फेंटॅनिल सापडलेलं आहे.

आता किनारे

हवामानाचे आकडे जानेवारीतले आणि सुमारे आहेत. त्यांच्यावरून अंदाज बांधा, पैज लावू नका.

पुएर्तो पेन्यास्को (सोनोरा). अॅरिझोनाच्या सीमेपासून शंभरेक किलोमीटर. फीनिक्सची मंडळी गाडीने चार तासांत पोहोचतात. दिवस १९-२० अंशांचे, रात्री दहाच्या खाली, समुद्र गार. पोहायचं असेल तर हिवाळ्यात जाऊ नका. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की किनारा मैदानासारखा उघडा पडतो, ते बघण्यासारखं असतं.

ला पास (बाहा कॅलिफोर्निया सूर). राज्याची राजधानी, त्यामुळे दवाखाने, बाजार, कचेऱ्या सगळं गावातच. समुद्राकाठचा सपाट फिरायचा रस्ता, ज्याला तिथे 'मालेकोन' म्हणतात, तो सकाळ-संध्याकाळ चालायला सुरेख. दिवसा २२-२३ अंश. पण हिवाळ्यात उत्तरेचा वारा दिवसचे दिवस वाहतो आणि समुद्र थंडच असतो. शिवाय वाळवंटी प्रदेश असल्याने नळाला पाणी आळीपाळीने येतं. पुण्या-औरंगाबादेत दिवस काढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. ज्यांना फिरायला समुद्र हवा, पोहायला नको, त्यांनी ला पासचा विचार करावा.

मासात्लान (सिनालोआ). कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला. जुनं शहर, नाट्यगृह, वीसेक किलोमीटरचा मालेकोन, आणि भाडी पुएर्तो वायार्ताच्या तुलनेत बेताची. शहर म्हणून मला ते सगळ्यांत आवडतं. तरी सध्या मी कुणाला पहिल्यांदा तिथे पाठवणार नाही. सप्टेंबर २०२४ पासून सिनालोआत टोळ्यांचा अंतर्गत संघर्ष पेटला, आणि राज्यावरचा धोक्याचा इशारा गंभीर असताना काही विमा योजना दावा नाकारू शकतात.

बांदेरास उपसागर (हालिस्को आणि नायारित). सर्वांत जास्त प्रश्न येतात ते याच पट्ट्याबद्दल, आणि पहिल्या वेळेसाठी मीही बहुतेकांना हाच सुचवते. दिवस २७-२८ अंश, रात्री १६-१७, पाऊस जवळजवळ नाही. डिसेंबर ते मार्च उपसागरात हंपबॅक देवमासे असतात आणि ते किनाऱ्यावरूनही दिसतात. अमेरिका आणि कॅनडाच्या अनेक शहरांतून थेट विमानं आहेत. पुएर्तो वायार्तात खासगी रुग्णालयं आहेत आणि आजूबाजूच्या गावांतून तिथे तासाभरात पोहोचता येतं. पण या पट्ट्यातली गावं एकसारखी नाहीत:

- वायार्ताचा जुना भाग देखणा आहे, पण डोंगरउतारावर वसलेला. गोट्यांचे रस्ते आणि पायऱ्याच पायऱ्या.
- नुएवो वायार्ता सपाट, आखीव, बंदोबस्तातल्या वसाहतींचं. चालायला सोयीचं, पण कोपऱ्यावर भाजीवाला भेटायचा नाही.
- बुसेरियास समुद्राकडच्या बाजूला सपाट आहे, बाजार गावातच, बस सारखी. गाव गावासारखं राहिलं आहे.
- सायुलिता तरुण मंडळींचं, रात्री उशिरापर्यंत जागं. समुद्रात सांडपाणी मिसळल्याच्या तक्रारी तिथे वारंवार होतात. तिकडे बिऱ्हाड नको.
- रिंकोन दे गुआयाबितोस शांत आणि स्वस्त. कॅनडाची वयस्क मंडळी वर्षानुवर्षं तिथे येतात. रुग्णालय मात्र लांब पडतं.

बार्रा दे नाविदाद आणि मेलाके (हालिस्को). खाडीकाठची दोन जोडगावं, भपका नाही. याच बंदरातून १५६४ साली स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख लेगास्पी याची जहाजं फिलिपाइन्सकडे निघाली आणि पुढे मनिला-आकापुल्को जहाजवाहतूक अडीचशे वर्षं चालली. त्या वाटेने फिलिपिनो खलाशांनी नारळाच्या झाडातून रस काढण्याची कला या किनाऱ्यावर आणली. आजही कोलिमा आणि हालिस्कोच्या किनाऱ्यावर भोपळ्यातून 'तुबा' विकणारे फिरतात. कोकणातल्या माणसाने एक घोट घेतला की सांगावं लागत नाही, ही आपली माडीच. मुक्कामाला गोड गाव. पण मोठं रुग्णालय मान्सानियोला, तासाभराच्या अंतरावर. हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे अंतर आधी मनात धरावं आणि मग खाडी बघावी.

ओआहाकाचा किनारा. वातुल्को आणि पुएर्तो एस्कोंदिदो. इथे खरा उन्हाळा: दिवस ३१-३२ अंश, समुद्र कोमट. वातुल्को सरकारने आखून वसवलेलं, स्वच्छ, नऊ उपसागरांचं, आणि हिवाळ्यात कॅनडातून थेट विमानं येतात. पुएर्तो एस्कोंदिदोचा सिकातेला किनारा लाटांवर स्वार होणाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे पोहायला उतरू नका, अगदी गुडघाभर पाण्यातही नाही. ओआहाका शहराकडून येणारा नवा महामार्ग २०२४ मध्ये खुला झाल्यापासून प्रवास निम्म्यावर आला आणि गर्दी वाढली. गंभीर आजाराला मात्र दोन्हीकडची सोय तोकडी आहे.

कॅरिबियन बाजू (किंताना रो). कान्कून, प्लाया देल कार्मेन, पुएर्तो मोरेलोस, तुलुम. पाणी निळं, विमानं भरपूर, भाडी चढी. किनाऱ्यावर साचून सडणाऱ्या सारगासम शेवाळाचा हंगाम साधारण मार्च-एप्रिलनंतरचा असतो, त्यामुळे हिवाळ्यात ते कमी त्रास देतं. हिवाळ्यात इथलं घड्याळ टोरांटो-न्यूयॉर्कशी जुळतं, नातवंडांना फोन करायला बरं. या पट्ट्यात राहायचंच असेल तर पुएर्तो मोरेलोस बघा.

युकातानचा उत्तर किनारा. प्रोग्रेसो, चेलेम आणि शेजारची गावं. याबद्दल फार कमी जण विचारतात आणि मला वाटतं अधिक जणांनी विचारावं. मेरिदातली कुटुंबं समुद्राकाठची घरं जुलै-ऑगस्टमध्ये स्वतः वापरतात आणि हिवाळ्यात ती भाड्याने देतात. म्हणून आपल्या हंगामात घर मिळणं सोपं जातं. मेरिदा पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, आणि तिथली रुग्णालयं साऱ्या द्वीपकल्पात चांगली मानली जातात. गाव सपाट, समुद्र उथळ. प्रोग्रेसोचा धक्का साडेसहा किलोमीटर समुद्रात गेलेला आहे. अमेरिकी सरकारच्या इशाऱ्यांत युकातान राज्य सातत्याने सर्वांत सुरक्षित श्रेणीत राहिलं आहे. उणीव एकच: 'नोर्ते'. उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट येते, दोन-तीन दिवस समुद्र गढूळ, आकाश करडं, वाळू अंगावर. ज्यांना रोज पोहायचं आहे त्यांची इथे चिडचिड होईल.

गावात पोहोचल्यावर काय बघाल?

आम्ही पहिल्या वर्षी फोटोवरून घर घेतलं. गच्चीतून समुद्र दिसत होता, आणि गच्चीपर्यंत बेचाळीस पायऱ्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात यजमानांचा गुडघा सुजला आणि उरलेला मुक्काम आम्ही समुद्र वरून बघूनच काढला. तेव्हापासून मी घराआधी रस्ता बघते.

- घरापासून भाजी, औषधाचं दुकान आणि बसथांबा दहा मिनिटांत चालत येतो का? पदपथ उंच-सखल आहे का?
- चोवीस तास चालणारं रुग्णालय किती मिनिटांवर? अंतर नकाशावर नव्हे, टॅक्सीने एकदा जाऊन मोजा.
- रात्री दहा वाजता गल्लीत उभं राहा. ढोल-कर्ण्यांचं बांदा संगीत, कुत्री, पहाटेचे कोंबडे, चर्चचे फटाके. १२ डिसेंबरला ग्वादालुपे मातेच्या उत्सवाचे फटाके सगळीकडेच असतात, ते आनंदाने सोसा. रोजचा बार शेजारी असेल तर घर बदला.
- किनाऱ्यावर रोज कुठला झेंडा लागतो? हिरवा सुरक्षित, पिवळ्याला सावध, लाल धोक्याचा, काळा म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही.

शाकाहारी मंडळींसाठी

"सिन कार्ने" म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही. तिथे कोंबडी आणि हॅम बऱ्याच जणांच्या लेखी 'कार्ने'त मोडत नाहीत. स्पष्ट म्हणा: "नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो." त्यापुढची दोन वाक्यं अधिक महत्त्वाची. घेवड्याची उसळ बहुतेक ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, तिला मान्तेका म्हणतात. म्हणून "सिन मान्तेका". आणि तांबडा भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. म्हणून "सिन काल्दो दे पोयो". गव्हाच्या तोर्तियातही मान्तेका असू शकते. मक्याची तोर्तिया सुरक्षित, आणि किलोवर गरम गरम मिळते. भाकरीची सवय असलेल्यांना ती दुसऱ्या दिवशीच घरची वाटते.

घरी रांधणाऱ्यांची तर चैन आहे. मसूर, छोले, काळा घेवडा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबं, पपई, भोपळ्याची फुलं बाजारात असतात. 'हमायका' नावाचं लाल सरबत ज्यापासून करतात ती आपली लाल अंबाडी. 'चिकोसापोते' हातात घेतलंत तर तो चिकू निघेल, आणि नावही तिकडूनच आलेलं आहे. सोबत सीलबंद हिंग, गोडा मसाला, हळद न्या. बिया, अख्खं धान्य, ताजी फळं, कढीपत्ता नेऊ नका, सीमाशुल्कवाले काढून घेतील.

घर भाड्याने घेताना

जानेवारी ते मार्चची घरं लोकप्रिय गावांत लवकर जातात. तरी पूर्ण हंगामाची रक्कम न बघितलेल्या घरासाठी अनोळखी खात्यात पाठवू नका. फोटो चोरून टाकलेल्या जाहिराती नेहमीच्याच आहेत. नोव्हेंबरच्या मध्यात जाऊन आठ-दहा दिवस साध्या हॉटेलात राहा, गल्लीगल्लीतून फिरा, 'से रेन्ता' असे फलक वाचा. बऱ्याच चांगल्या घरांची जाहिरात तेवढीच असते. ठरवण्यापूर्वी हे विचारा:

- पाणी: गच्चीवरची टाकी, म्हणजे 'तिनाको', किती लिटरची? पाणी संपलं तर टँकर कोण मागवणार, पैसे कोण देणार? टँकरला तिथे 'पिपा' म्हणतात. नळाचं पाणी पिऊ नका, वीस लिटरचा 'गार्राफोन' घरपोच येतो.
- वीज: भाड्यात आहे की वेगळी? वीजदर टप्प्यांचे आहेत आणि एसी सतत चालला की घर जास्त वापराच्या गटात जातं, सरकारी सवलत सुटते, बिल कित्येक पटींनी वाढतं. पहिल्या दिवशी मीटरचा फोटो काढा.
- पवित्र आठवडा: ईस्टरच्या आगेमागे दोन आठवडे सारा देश समुद्रावर येतो. त्या काळात भाडं वाढणार का, घर रिकामं करावं लागणार का, हे करारात लिहून घ्या. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे.
- करार: वादात स्पॅनिश प्रतच ग्राह्य धरली जाते. दोन्ही भाषांत घ्या आणि स्पॅनिश प्रत जाणकाराकडून वाचून घ्या. अनामत किती, परत कधी, पावती कुणाच्या नावे, हे त्यात हवं.

पेसोची खूणही डॉलरसारखीच असते. पाटीवर आकड्यापुढे ती दिसली तर रक्कम पेसोत की डॉलरमध्ये, हे आधी विचारा. एटीएम बँकेच्या आतलं वापरा आणि यंत्राने स्वतःच्या दराने रूपांतर करू का विचारलं तर 'नको' दाबा.

सुरक्षितता

"मेक्सिको सुरक्षित आहे का?" हा प्रश्न "भारत सुरक्षित आहे का?" इतकाच ढोबळ आहे. राज्याचं नाव घेऊन विचारा. अमेरिका आणि कॅनडाची सरकारं राज्यवार इशारे देतात आणि ते बदलतात. तिकीट काढताना आणि निघायच्या आठवड्यात, दोन्ही वेळा वाचा. सिनालोआ, गेरेरो आणि कोलिमा ही राज्यं अमेरिकी यादीत गेली काही वर्षं सर्वांत वरच्या धोक्याच्या श्रेणीत आहेत. सिवातानेहो हे किनाऱ्यावरचं गाव गेरेरोत येतं आणि मान्सानियो कोलिमात, हे गावाच्या गोड फोटोखाली लिहिलेलं नसतं.

चक्रीवादळांचा हंगाम दोन्ही किनाऱ्यांवर नोव्हेंबरअखेर संपतो. ऑक्टोबरमध्ये लवकर जाण्याचा मोह नको: २५ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे ओटिस वादळ आकापुल्कोवर आदळलं तेव्हा लोकांना तयारीला जेमतेम दिवस मिळाला होता.

गाडी नेणार असाल तर इकडचा विमा तिकडे चालत नाही, मेक्सिकोचा वेगळा घ्यावा लागतो. बाहा द्वीपकल्प आणि पुएर्तो पेन्यास्कोचा पट्टा सोडून आत जायला गाडीचा तात्पुरता आयात परवाना आणि अनामतही लागते. अंधार पडल्यावर हमरस्त्यावर गाडी चालवू नका. तातडीचा क्रमांक ९११. रस्त्यात गाडी बंद पडली तर ०७८, सरकारी 'हिरवे देवदूत' मदतीला येतात. भारतीय पासपोर्टवाल्यांनी लक्षात ठेवावं की आपला दूतावास मेक्सिको सिटीत आहे. पासपोर्टच्या प्रती वेगळ्या पिशवीत असू द्या.

तुमचे हक्क

- किनारा सार्वजनिक आहे. कुठल्याही हॉटेलाला वाळू विकत घेता येत नाही. भरतीच्या रेषेपासून वीस मीटरचा पट्टा केंद्र सरकारच्या मालकीचा आहे. दुसरी सार्वजनिक वाट असेल तर हॉटेलातून जायला ते अडवू शकतात, किनाऱ्यावर बसायला नाही.
- टाइमशेअर. विमानतळावरून बाहेर पडताना स्वस्त टॅक्सी आणि फुकट न्याहारी देणारे हसतमुख लोक टाइमशेअर विकणारे असतात. न थांबता बाहेर चला. तरी सही झालीच असेल तर सही केल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत करार रद्द करून पैसे परत मागण्याचा हक्क कायद्याने आहे. तोंडी बोलू नका, लेखी पत्र द्या आणि पोचपावती घ्या. विक्रेत्याने तो हक्क सोडल्याचा कागद पुढे केला तरी सही करू नका.
- बक्षिसी ऐच्छिक आहे. बिलात परस्पर घातलेली सेवारक्कम काढायला सांगता येते. सेवा चांगली असेल तर मात्र हात आखडू नका.
- तक्रार प्रोफेको या केंद्रीय ग्राहक संरक्षण संस्थेकडे. पर्यटकांनाही ती खुली आहे.

घर विकत घेण्याचा मोह

फेब्रुवारीच्या संध्याकाळी प्रत्येकाला तो होतो. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेतल्या २७ व्या कलमानुसार समुद्रापासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला जमीन थेट नावावर घेता येत नाही. निवासी घर बँकेच्या विश्वस्तनिधीतून घ्यावं लागतं. त्याला 'फिदेइकोमिसो' म्हणतात, मुदत ५० वर्षं, नूतनीकरण होतं, आणि बँकेचं वार्षिक शुल्क लागतं. हा मार्ग कायदेशीर आणि रूढ आहे. खरा धोका 'एहिदो' जमिनीचा. ही गावाची सामाईक शेतजमीन. ती स्वस्तात देऊ करतात, कागदावर शिक्केही असतात, पण परदेशी माणसाचा हक्क कोर्टात टिकत नाही. व्यवहार 'नोतारियो'समोरच होतो. हा साधा नोटरी नव्हे, राज्याने नेमलेला ज्येष्ठ वकील असतो. दोन हिवाळे भाड्याने राहिल्याशिवाय या फंदात पडू नका.

मग ठरवायचं कसं?

गुडघे दुखत असतील आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे नियमित जावं लागत असेल, तर बुसेरियास किंवा प्रोग्रेसो. रोज पोहायचं असेल आणि तब्येत ठणठणीत असेल, तर वातुल्को. नुसतं फिरणं, वाचन आणि कोरडी हवा हवी असेल, तर ला पास. पोहणं दुय्यम, खर्च आटोपशीर आणि शेजार महत्त्वाचा असेल, तर मेलाके, पण फक्त निरोगी जोडप्यांनी.

पहिल्या वर्षी चार महिने नकोत. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर, एवढाच मुक्काम करा आणि त्यात दोन गावं बघा. निघताना घरमालक पुढच्या हिवाळ्याची आगाऊ रक्कम मागेल, घर हातचं जाईल असंही म्हणेल. त्या दिवशी पैसे देऊ नका. घरी या, डॉक्टरांकडे जाऊन या, नव्या वर्षाच्या विम्याचा कागद हातात घ्या, आणि मगच त्याला कळवा.